पदराचे डाग

घाटकोपरला आमच्या बसस्टॉपसमोरच्या शाळेच्या भिंतीवर एक काकू महिनाभर शिवराज्याभिषेक रंगवत होत्या. साठीच्या असतील. ब्रश पुसायच्या तो थेट पदराला, त्यामुळे पदरावर कायम निळे-भगवे डाग. गर्दीतले मावळे झाले, पाणी वाहणाऱ्या बायका झाल्या, सिंहासन मात्र रिकामंच.

"काकू, महाराज कधी?"

"शेवटी. त्यांचा चेहरा सगळ्यांना पाठ आहे रे. या माणसांना कोण ओळखतं? हा भालेवाला बघ, माझे बाबा. गिरणीत होते."

चाळीस वर्षं त्या अशाच भिंती रंगवत होत्या आणि खाली नाव यायचं ठेकेदाराचं. याही भिंतीवर तेच आलं.

परवा बस चुकली, म्हणून चित्र नीट पाहिलं. गर्दीच्या टोकाला एक बाई पाठमोरी उभी आहे. तिच्या पदरावर निळे-भगवे डाग आहेत.