रुमालाखालचा भाव

ताराबाई पार्कातल्या एका जुन्या बंगल्यात माझ्या आईनं निम्मं आयुष्य झाडलोट केली. तिथल्या दिवाणखान्यात एक फ्रेंच कपाट होतं. बाकदार पाय, वर संगमरवर, दारांवर रंगीत लाकडाचे तुकडे बसवून केलेली फुलं आणि कडेनं पितळ. आई ते रोज पुसायची. मालक गेले, मुलं परदेशातून आली आणि त्यांनी सामानाचा लिलाव काढला. ते कळल्यावर आई एवढंच म्हणाली, "त्या कपाटात एकदा माझी लुगडी ठिवायची हुती."

ते आबांनी ऐकलं. आबा म्हणजे माझे वडील, बैलबाजारातले जुने दलाल. त्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून काय ते ठरवायचं. आईलाही ती भाषा येते. लग्नकार्यात आहेर किती करायचा, हे दोघं चारचौघांत पदराआड असंच ठरवत आलेत.

लिलावाला आम्ही तिघं आमच्या गावाहून, गडमुडशिंगीहून, रिक्षानं गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ज्या घरात ती इतकी वर्षं मागच्या दारानं गेली, तिथं पुढच्या दारानं शिरली आणि सरळ खुर्चीवर जाऊन बसली.

कपाटाची पाळी आली. पुकारणारा म्हणाला, पितळेवर मूळचा सोन्याचा मुलामा होता, कुणीतरी घासून घासून घालवलाय, म्हणून बोली कमीपासून सुरू करतो.

"चिंचेनं मीच घासलंय की," आई माझ्या कानात म्हणाली. वरमणं वगैरे काही नाही. "बरं झालं, स्वस्तात पडंल."

आबांनी मला आधीच दटावलं होतं, "व्यवहार माझा हाय, तू मधी तोंड घालायचं न्हाय." म्हणून मी आईजवळ गप्प बसले. पुण्याचा एक व्यापारी बोली वाढवत होता. आबा पुकारणाऱ्याच्या टेबलाला खेटून उभे, उजव्या हातावर रुमाल आणि हात त्याच्यापुढं केलेला. चेहरा अगदी शांत. मुरलेला माणूस आहे, शेवटी बोलेल, असं मी धरून चालले. पुकारणाऱ्यानं त्यांना जरा बाजूला व्हायला खुणावलं आणि हातोडा आपटला. कपाट पुण्याला गेलं.

"माझा भाव त्यानं बघितलाच न्हाय," आबा परत येऊन म्हणाले.

"आबा, अहो ओरडून सांगायचं असतं इथं!" मी भडकलेच.

"भर मंडळीत भाव वरडायचा? काय रीतभात हाय का न्हाय?"

एवढ्यात तो व्यापारी आमच्याकडं आला. मोबाईल हातात, घाईत. आईकडं बघून म्हणाला, "मावशी, फडकं घेऊन जरा पुसून द्या ना, फोटो काढायचाय."

आई खुर्चीतून हलली नाही. "न्हाय पावणं," ती म्हणाली, "आज मी गिऱ्हाईक हाय."

तो ओशाळला, माफ करा म्हणाला आणि खिशातला रुमाल काढून स्वतःच पुसायला लागला. आईनं ते शेवटपर्यंत बघितलं, मगच उठली.

रिक्षात मी आबांवर धुमसत होते आणि आबा बाहेर बघत होते. मग आईनंच विचारलं, "अवं, कुठवर जाणार हुता?"

आबांनी तिच्या हातावर रुमाल टाकला. आत बोटं हलली, थांबली, पुन्हा हलली. आई त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली.

"एवढं? म्हातारपणाला काय ठिवणार हुता मग?"

"तुझी लुगडी," आबा म्हणाले.

रक्कम किती होती, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. गडमुडशिंगी येईपर्यंत आईनं रुमालाखालचा हात काढला नाही.