नलूनं टाकी भरली

रेवदंड्याच्या कोळीवाड्याच्या तोंडाशी माझी भजीची गाडी. तळून काळं झालेलं तेल मी वर्षानुवर्षं गटारात ओतलं, हे सांगायला आज लाज वाटते. एक दिवस शेजारची नलू रिकामा कॅन घेऊन उभी. "वतू नको, दत्तादादा. मला दे. त्याचं डिझेल करनार हाय मी." मी पोट धरून हसलो. कॅन मात्र भरून दिला.

अलिबागच्या शिबिरात ती शिकून आली होती. तेल गाळायचं, तापवायचं, मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात घालायचा आणि बसू द्यायचं. जड ग्लिसरीन खाली जातं, वर राहतं ते डिझेल. माझ्या तेलाचं झकास झालं. मग तिनं घराघरांतून तेल गोळा केलं आणि तिथंच फसली. आमच्याकडे मासळीला कोकमाचं आंबट आगळ नि मीठ चोळून ती ओलीच तव्यावर टाकतात. त्यात बोंबील म्हणजे निम्मं पाणीच. आगळाचा आंबटपणा नि ते पाणी तेलात उतरलेलं. पिंपभर तेलाचा साबणासारखा लगदा झाला. शिबिरवाल्यांना वड्याचं तेल ठाऊक, बोंबलाचं कुठून ठाऊक असणार!

तिचा नवरा सदा म्हणाला, "बरा झाला. भांडी घासाया होईल."

नलू खमकी. तिनं तेल आठवडाभर निवळत ठेवलं, तडतड थांबेपर्यंत तापवून पाणी उडवलं. प्रत्येक डब्यातला आंबटपणा थेंब मोजून तपासू लागली नि त्या मानानं सोडा वाढवू लागली. पावसाळ्यानंतर पिंपात कोऱ्या चहासारखं स्वच्छ डिझेल उभं राहिलं. पण सदा ते आपल्या होडीत घालू देईना. त्याचंही खरं होतं, इंजिन गेलं तर घरची चूल विझणार. आणि सगळ्या गावानं घातलं तरी घरच्या होडीत पडेपर्यंत नलूला ते तेल खरं वाटणार नव्हतं.

शेवटी सदा चिडून म्हणाला, "येवढा भरवसा हाय, तर तू बैस होडीत!"

आमच्यात मासेमारीच्या होडीत बाई चढत नाही. त्याला वाटलं, इथं गप्प होईल. नलूनं निम्मी टाकी आपल्या तेलानं भरली, कासोटा घट्ट केला आणि सगळ्या बंदरादेखत चढली. पाठोपाठ मीही. असला तमाशा कोण सोडतो?

खाडीच्या तोंडाबाहेर इंजिन खोकलं, दोन गचके देऊन बंद पडलं. होडी लाटांवर आडवी झाली. माझी तर पाचावर धारण बसली.

"झाला ना साबन!" सदा ओरडला.

नलूनं पिशवीतून पाना आणि नवा कोरा फिल्टर काढला. "तेलाचा दोष न्हाय. तुमच्या टाकीत धा वर्सांचा गाळ हाय. ह्या तेलानं तो सुटतो नि फिल्टरमधी अडकतो. आधी टाकी धुवा बोलले असते, तर तुमी धुतली असती?"

जुना फिल्टर निघाला तो डांबरासारखा काळा. तिनं नवा बसवला, नळीतली हवा काढली. "चालू करा." दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं, आणि त्या एकसुरी आवाजानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

परतलो तेव्हा बंदरावर माणसं जमलेली. सदानं कुणाकडे पाहिलं नाही. रिकामा कॅन उचलून बायकोच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्याला टाकी पुरी भर. आन् पिशवी घेऊन तूबी चल."