याच्यामागे कोण?

बऱ्हाटेकाका पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला नाव, गाव, नवरा काय करतो, फ्लॅटचं भाडं किती, यातलं काहीच विचारलं नाही. बहारीनमध्ये नव्याने भेटलेला मराठी माणूस हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत उरकून घेतो. मी बँकेत हिशेब तपासते एवढं त्यांनी ऐकलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही सुट्टीवर गेल्या की तुमच्यामागे कोन?"

"म्हणजे?"

"म्हन्जे तुम्ही आजारी पडल्या, गावाला गेल्या, तं तुमचं काम कोन पाह्यते? नाव सांगा."

मला नाव सांगता येईना. त्यावर त्यांनी अशी मान हलवली की मलाच माझ्या नोकरीची काळजी वाटू लागली.

काका जळगाव जिल्ह्यातले. सलमाबादला एका गोदामाचे स्टोअरकीपर होते आणि गोदामाच्या वरच्याच खोलीत राहायचे. तरुणपणी ते राज्य पातळीवर सॉफ्टबॉल खेळले होते. जळगाव-अमरावतीकडे हा खेळ किती ईर्षेने खेळतात ते बऱ्याच पुणेकरांना समजावून सांगावं लागतं. मला नाही लागलं, कारण पुण्यात शाळेच्या संघात मी तोच खेळ खेळले होते, बहुतेक वेळ बाकावर बसून. इथे दर शुक्रवारच्या सुट्टीला त्याचा थोरला भाऊ, बेसबॉल, खेळणारी हौशी मंडळी जमत. फिलिपिनो, जपानी, जुफैरच्या नौदल तळावरचे अमेरिकन आणि त्यांच्यात आमचा एक मराठी संघ. काका त्याचे कोच. मी गुण लिहायची आणि अगदीच कोणी नसलं तर मैदानात उतरायची.

मैदानात नऊ जण खेळतात, पण हंगामासाठी पंधरा नावं नोंदवता येतात. काकांचा सगळा जीव त्या उरलेल्या सहांत. "नऊ जनं तं कोनीबी आनते," ते म्हणायचे. "टीम पाह्यची तं बाकावर पाहा." एखादा पिचर नुसत्या फेकीवर तीन सामने जिंकून देवो, सगळे त्याला खांद्यावर घेऊन नाचत असताना काका माझ्या कानाशी येऊन पुटपुटणार, "याच्यामागे कोन?" या प्रश्नाने माणसाचा आनंद कसा आंबतो हे त्यांना कधी कळलं नाही.

पण खेळाचं वेड एवढंच ते नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी भुसावळला आपल्या संसारात. आठवडाभर ते संध्याकाळी फाटके ग्लोव्ह शिवत, बॅटच्या मुठींना नवी पट्टी गुंडाळत बसायचे. एकदा मी म्हटलं, काका, जरा बाहेर पडा, मनामाला फिरून या. ते म्हणाले, "शुक्रवार हाये म्हनून आठवडा हाये, ताई. शुक्रवार गेला तं मी कशासाठी उठू?" हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी विषय बदलला.

संघाचा खर्च इक्बालभाई करायचे. रत्नागिरीचा माणूस, एसीच्या डक्टचा धंदा, हात सढळ. खर्च त्यांचा म्हणून निर्णयही त्यांचेच. हंगामापूर्वीच्या बैठकीला त्यांनी आपल्या गावचे सहा तरुण उभे केले. सहाही चुलतभाऊ, इक्बालभाईंचे पुतणे, त्यांच्याच वर्कशॉपमध्ये कामाला, क्रिकेटवर पोसलेले.

"बगा पोरं, बऱ्हाटे," इक्बालभाई खुशीत म्हणाले. "डोळे मिटून एकमेकांना बॉल देतात."

"पोरं सोन्यासारखी हायेत," काका म्हणाले. "पन दोन घ्या, तीन घ्या. सहाही एकाच घरातले नका घेऊ. घरात काही झालं तं सहा जागा एकदम खाली."

"काय होनार हाय? इंशाल्ला काय होत नाय. तुमी उगीच घाबरता."

सहाही आले. मग पंधरावी जागा इक्बालभाईंना जुफैरच्या मार्कसाठी हवी होती. मार्क उंचापुरा, मारला तर चेंडू रस्त्यापलीकडे. त्याच्यासाठी कोणाचं नाव काढायचं याची चर्चा माझ्यासमोरच चालू होती आणि सगळे जण माझ्याकडे न बघण्याची शिकस्त करत होते. मी 'काढा माझं' असं म्हणणार तोच काका म्हणाले, "माझं काढा."

काका तेव्हा राखीव पिचर होते. खांदा दुखायचा, तरी दोन इनिंग नीट टाकायचे. गाडीत मी त्यांच्यावर उखडले. म्हटलं, वर्षातून दोनदा मैदानात उतरणाऱ्या बाईसाठी तुम्ही स्वतःला काढता, हे कुठलं शहाणपण? ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही बाकावर बसून गेम पाह्यता. बाकीचे मोबाईल पाह्यतात."

त्या वर्षी मैदानांची टंचाई होती आणि वेळ मिळावी म्हणून नवे संघ ताटकळत होते. म्हणून आयोजकांनी नियम केला की एखाद्या सामन्यात ज्याचे नऊ शेवटपर्यंत पुरे पडणार नाहीत, तो संघ पुढच्या हंगामातून बाद आणि त्याची वेळ दुसऱ्याला. व्हॉट्सॲपवर तो नियम आला आणि कोणी वाचलासुद्धा नाही. काकांनी मात्र मला फोन करून मोठ्याने वाचून दाखवला.

आम्ही जिंकत सुटलो. ते सहा भाऊ खरंच डोळे मिटून चेंडू देत. इक्बालभाई दर शुक्रवारी काकांच्या पाठीवर थाप मारून विचारायचे, "काय बऱ्हाटे, कोन हाय मागे?" आणि काका कसनुसं हसायचे. खरं सांगायचं तर मलाही वाटू लागलं होतं की या माणसाला काळजी करायची सवयच लागली आहे.

हंगामाचे शेवटचे दोन सामने राहिले होते. बुधवारी सकाळी गावाहून फोन आला. त्या सहाही जणांचे आजोबा, म्हणजे इक्बालभाईंचे वडील, झोपेतच गेले. दफनाला पोचता येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आजीजवळ जाऊन बसायचं होतं. मिळेल त्या विमानाने सगळं घर निघालं. गाड्या कमी पडल्या तेव्हा काकांनी गोदामाची व्हॅन काढली, मी माझी गाडी काढली. विमानतळावर इक्बालभाई काकांच्या गळ्यात पडून रडले. काका त्यांची पाठ चोळत राहिले. सामन्याचा शब्द त्यांनी काढला नाही.

सगळे आत गेले. पार्किंगमध्ये व्हॅनच्या स्टिअरिंगवर कपाळ टेकून काका बसले होते. मी काच वाजवली. "ताई," ते म्हणाले, "बरोबर नऊ उरले आपन. तुम्हाला धरून."

गुरुवार त्यांनी कसा काढला ते मी पाहिलंय. नऊतल्या एकाची शुक्रवारी शिफ्ट होती. काका त्याच्या फोरमनपुढे हात जोडून उभे राहिले. आयुष्यात कोणाची मिनतवारी न केलेला माणूस मोडक्या हिंदीत म्हणत होता, "साब, सिर्फ तीन घंटा. मैं खुद आके छोडता." फोरमन शेवटी हो म्हणाला. एकाला ताप होता, त्याच्यासाठी काका स्वतः पेज घेऊन गेले. आयोजकांकडे नवं नाव घालायची परवानगी मागितली, तर नोंदणी केव्हाच बंद झाली होती. सामना पुढे ढकला म्हणाले, तर मैदान रिकामं नव्हतं. मला त्यांचे इतके फोन आले की शेवटी मी चिडून म्हटलं, "काका, मी येणार आहे. मी मरणार नाहीये रात्रीतून." पलीकडून हळूच, "असं नका बोलू, ताई."

शुक्रवारी आम्ही नऊ जण उभे राहिलो. मी उजव्या कोपऱ्यात, जिथे चेंडू क्वचित येतो. हरत होतो आणि त्याची कोणालाच पर्वा नव्हती. फक्त शेवटपर्यंत नऊ उभे राहायचे होते. चौथ्या इनिंगमध्ये मार्कने चेंडू लांब मारला, पहिल्या बेसकडे धावला आणि मधेच मांडी धरून खाली बसला. त्याला उठवेना. आम्ही आठ झालो.

अंपायर जपानी गृहस्थ होते, फार सौम्य. त्यांनी विचारलं, बदली खेळाडू? काका बाकाजवळचा ग्लोव्ह हातात घालून रेषेपर्यंत आले होते. समोरचा फिलिपिनो कप्तान म्हणाला, आमची हरकत नाही, खेळू द्या त्यांना. अंपायरनी मान हलवली, नाव नोंदवलेलं नाही.

"सर, प्लीज," काका म्हणाले. "ओन्ली स्टँडिंग, सर. आय विल नॉट टच बॉल. ओन्ली स्टँडिंग."

अंपायरनी टोपी काढून हातात घेतली आणि 'सॉरी' म्हटलं. काका तरीही रेषेशी ग्लोव्ह घालून उभेच राहिले. मी त्यांना हाताला धरून आणलं. मला त्या नियमाचा, मार्कच्या मांडीचा, सगळ्यांचा संताप आला होता आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

परतताना गाडीत मला रडू आवरेना. "त्या दिवशी माझं नाव काढायला हवं होतं. तुम्ही यादीत राहायला हवे होतात."

काका बाहेर बघत म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो, तरी आठच, ताई. तुम्ही का मी, असं नव्हतं ते. तुम्ही आनि मी, दोघं पाह्यजे होतो."

पुढच्या हंगामात आमची वेळ दुसऱ्या संघाला गेली. इक्बालभाई परतल्यावर माफी मागायला आले, तर काकांनीच त्यांना धीर दिला. "बाप गेल्यावर गेम कोन पाह्यते?" म्हणाले. पण त्यांचं ग्लोव्ह शिवणं बंद झालं. एका शुक्रवारी मी गेले तर दुपार उलटली तरी अंथरुणातच होते, आजारी नसताना. उन्हाळ्यात त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. मी पुष्कळ समजावलं. ते ऐकेनात.

विमानतळावर सामान आत टाकल्यावर ते वळले. "बँकेत ठेवलं का कोनी तुमच्यामागे?"

"नाही अजून."

"ठेवा," म्हणाले आणि गेले.

चार महिन्यांनी भुसावळहून त्यांच्या मुलीचा फोन आला. काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. ती म्हणाली, बाबा आल्यापासून दर शुक्रवारी सकाळी बूट घालून ओट्यावर बसायचे.

बँकेत माझ्यामागे आता एक मुलगी आहे. हुशार आहे, मी सुट्टीवर गेले तर माझं काम अडत नाही. काकांच्या मागे कोण, हा प्रश्न मी अजून कोणाला विचारलेला नाही. उत्तर मला माहीत आहे. कोणीच नाही.