दातवालीचे सहा आकडे

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळी इमारत दातवाली म्हणते आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. ती कवळ्या बनवते. (मी तिला तोंडावर अहो-जाहो करत नाही, म्हणून इथेही करणार नाही.) दंतवैद्य तोंडाचं माप घेऊन तिच्याकडे पाठवतो आणि आठवड्याने तिच्या पुढच्या खोलीतून दात तयार होऊन जातात. माझे वरचे-खालचे दोन्ही तिच्याच हातचे. त्यामुळे तिच्याविषयी वाईट बोलायचं ठरवलं, तरी ते तिच्याच दातांनी बोलावं लागेल.

वय अठ्ठेचाळीस. अंगाने काटकुळी, मनगटं मात्र सुताराची असावीत तशी. बोलताना ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघते. नवीन माणसाला हे उद्धटपणाचं वाटतं. एकदा पोस्टमन तिच्यावर चिडला होता, तेव्हा त्याचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली की डावीकडची दाढ दाखवून घ्या, सूज आहे. दाढ खरंच किडलेली निघाली.

गेल्या महिन्यातल्या मंगळवारची ही गोष्ट. माझी खालची कवळी हिरडीला टोचत होती म्हणून दहा वाजता मी ती तासून घ्यायला खाली गेले. तिने ती काढून घेतली, वाडग्यातल्या पाण्यात ठेवली आणि म्हणाली, "काकू, जरा बसा. आधी माझ्या मानेवरची सुरी काढते."

सुरी अशी होती. तिचं बहुतेक काम एकाच दंतवैद्याकडून येतं. त्याने एका वृद्धाश्रमातल्या अकरा जणांच्या कवळ्या तिला दिल्या होत्या आणि त्या शुक्रवारी चार वाजता बसवायच्या होत्या. त्याआधी दोनदा तिला उशीर झाला होता. या वेळी त्याने स्वच्छ सांगितलं होतं की शुक्रवार चुकला तर पुढच्या महिन्यापासून काम मोठ्या कारखान्यात जाईल. तिथे स्वस्तही पडतं. आणि नेमकी शनिवारी तिची पाण्याची टाकी बिघडली.

ही टाकी म्हणजे तिच्या धंद्याचं पोट. मेणाचे दात साच्यात घालून, मेण काढून, तिथे गुलाबी लगदा भरतात आणि तो साचा गरम पाण्यात आठ-नऊ तास ठेवतात. पाणी एका ठरावीक उष्णतेवर स्थिर राहावं लागतं. जास्त तापलं की लगद्यात बुडबुडे होतात आणि कवळी पावासारखी भोकाभोकाची निघते. टाकीचं पाणी स्थिर ठेवणारा थर्मोस्टॅट जळला होता. सोमवारी तिने स्वयंपाकघरातल्या शेगडीवर पातेलं ठेवून, थर्मामीटर हातात धरून, एक कवळी शिजवून पाहिली. ती मला दाखवली. भोकं मोजायचीही गरज नव्हती.

पूर्वी असे सुटे भाग चौकातल्या दुकानात मिळत. ते दुकान बंद पडलं. आता सगळं इंटरनेटवर. तिने आजवर इंटरनेटवर काही म्हणता काही घेतलं नव्हतं. कार्ड होतं ते फक्त यंत्रातून पैसे काढायला. शोधता शोधता एका विक्रेत्याकडे तिच्या टाकीला बसणारा थर्मोस्टॅट सापडला होता. खाली लाल अक्षरात लिहिलेलं होतं की एकच शिल्लक आहे आणि बारा वाजायच्या आत मागवला तर गुरुवारी सकाळी मिळेल.

तिचा चष्मा प्लास्टरच्या धुळीने भरलेला असतो, म्हणून कार्डावरचे आकडे मी वाचले आणि तिने टाइप केले. खालचे दात वाडग्यात असल्यामुळे माझं वाचन भिजलेल्या कागदासारखं होत होतं. ती प्रत्येक आकडा दोनदा विचारून घेत होती. सगळं भरलं, बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट आली: सहा आकडी सांकेतिक क्रमांक टाका.

तिने आपला मोबाइल उचलून पाहिला. काही नव्हतं. आम्ही दोघी चौकटीकडे बघत बसलो. तीन मिनिटांनी पान बदललं. व्यवहार नाकारण्यात आला आहे.

तिने पुन्हा सगळं भरलं. या वेळी तिने ठरवलं की बँक कार्डाचा गुप्त क्रमांकच मागत असणार. तो होता चार आकडी. चौकटीत घरं होती सहा. तिने पुढे दोन शून्यं लावली. नाकारलं. मग तिसऱ्यांदा सगळं भरून तिने शून्यं मागे लावली. मी मान हलवून नको नको म्हणत होते, पण दात नसलेल्या बाईचं नको फारसं ठाम निघत नाही. तेही नाकारलं आणि पान लाल झालं.

अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. तिने बँकेला फोन लावला. सतरा मिनिटं वाजणारं संगीत ऐकल्यावर एक बाई बोलली. तिने सांगितलं की खात्यात पैसे आहेत, कार्डात काही दोष नाही, पण क्रमांक दोनदा चुकीचा टाकला गेला आहे. आणखी एकदा चुकला किंवा वेळ संपली तर कार्ड उद्यापर्यंत बंद होईल. दातवालीने विचारलं की क्रमांक येतो कुठे, माझ्या फोनवर तर काही येत नाही. बँकेतली बाई म्हणाली, खात्याला जोडलेल्या मोबाइलवर येतो, ज्याच्या शेवटी एक्केचाळीस आहे. तो बदलायचा तर स्वतः शाखेत यावं लागेल आणि दोन दिवस लागतील.

दातवालीने आभार मानून फोन ठेवला. मग ती उठली, पॉलिशच्या यंत्रावरचं फडकं घेऊन हात पुसू लागली. हात कोरडेच होते.

मी खुणेनेच विचारलं, कोणाचा?

"आमच्या आईंचा," ती म्हणाली.

आई म्हणजे सासूबाई. तिच्या संसाराविषयी मला ठाऊक आहे ते एवढंच: खातं उघडलं तेव्हा तिच्याकडे स्वतःचा मोबाइल नव्हता आणि नवऱ्याचा कधी चालू तर कधी गहाण, म्हणून तिने सासूबाईंचा नंबर लिहून दिला होता. पुढे एके दिवशी नवऱ्याने रागाच्या भरात तिची पहिली टाकी जिन्यावरून खाली फेकली. ती त्याच जिन्याने दोन पिशव्या घेऊन उतरली. त्याला अकरा वर्षं झाली. सासूबाई दारात उभ्या होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. "तो फेकत होता ते मी कधीतरी विसरेन," असं ती मला एकदा म्हणाली होती, "त्या बघत होत्या ते नाही." त्यानंतर त्या घरी तिने फोन केलेला नव्हता. पासबुक ती दर महिन्याला शाखेत जाऊन छापून आणत असे. बँक मोबाइलवर निरोप पाठवते हे तिच्या गावीही नव्हतं.

साडेअकरा झाले. ती टाकीपाशी जाऊन आली. ओट्यावर अकरा साचे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर पेन्सिलने आडनाव. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी माझं कार्ड देऊ केलं असतं, पण माझं खातं मुलाच्या हातात आणि मुलगा त्या वेळी विमानात. हे मी तिला लिहून दाखवलं. ती नुसतं हं म्हणाली. मग तिने आपलं एक जुनं पाकीट काढलं, त्यात घडी घातलेल्या कागदावर नंबर होता, आणि फोन लावून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. तिला फोन कानाशी धरवत नसावा.

पाच वेळा वाजला. तिचा नवरा उचलेल की काय, अशी मलाच भीती.

"कोण?" म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"आई, मी बोलते आहे."

पलीकडून एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार लावल्याचा आला. दातवालीने एका दमात सांगून टाकलं की काही विकत घ्यायचं आहे, तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, ते मला वाचून दाखवा, बारा वाजायच्या आत.

"सकाळपासून तीन आलेत," सासूबाई म्हणाल्या. "प्रत्येकावर लिहिलंय, कुणालाही सांगू नका. मला वाटलं, कुणी कार्ड चोरलं. तू कशावरून तीच?"

"आई, मीच आहे."

"चोरटी पण आईच म्हणेल."

अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं. दातवालीने डोळे मिटले. मला वाटलं ती फोन बंद करते आता.

"माझ्या कवळीत," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "एक दात तू मुद्दाम वाकडा बसवलास. कुठला?"

दातवालीची जीभ तिच्या स्वतःच्या दातांवरून फिरली. मी ते पाहिलं. ओठांच्या आत ती मोजत होती.

"वरचा. डावीकडे, सुळ्याच्या अलीकडचा. तुमचा आधीचा तसाच होता. सरळ बसवला असता तर तुम्ही तुम्ही दिसला नसता."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "पाठव."

तिने चौथ्यांदा सगळं भरलं. माझं वाचन या वेळी जरा बरं झालं असावं, कारण तिने एकही आकडा पुन्हा विचारला नाही. बटण दाबलं. चौकट आली आणि कोपऱ्यात तीन मिनिटं उलटी धावू लागली. टेबलावरच्या फोनमधून पलीकडचा टिंग असा आवाज आला, मग खुडबुड, मग फोन कट झाला. निरोप उघडायला म्हणून सासूबाईंनी लाल बटण दाबलं होतं.

दातवालीने लगेच फोन लावला. लागेना. दुसऱ्यांदा लावला, तरी लागेना. पलीकडून त्याही लावत असणार, हे मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. मी तिचा हात धरला आणि फोनवरून बाजूला केला. ती माझ्याकडे रागाने बघत राहिली. एक मिनिट दहा सेकंद. फोन वाजला.

"मी कॅलेंडरवर लिहून घेतलेत," सासूबाई म्हणाल्या. "घाई करू नकोस. चार. शून्य. सात. सात. दोन. नऊ."

तिने बोटाने एकेक दाबला. शेवटचा दाबताना बत्तीस सेकंद उरले होते. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. मग हिरवी खूण आली. व्यवहार पूर्ण.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

"या वेळी काय मोठं घेतलंस?"

दातवालीने विचारलं, या वेळी म्हणजे?

सासूबाईंनी सांगितलं ते साध्या आवाजात. बँकेचा प्रत्येक निरोप अकरा वर्षं त्यांच्याच फोनवर येत होता. किती जमा झाले, किती काढले. दोन वर्षांपूर्वी चार महिने काही जमा झालं नाही, तेव्हा त्यांना झोप लागेना. मग एके दिवशी जमा झाले, त्या दिवशी त्या जेवल्या.

"त्यांना दाखवलंत?" तिने विचारलं. 'त्यांना' म्हणजे नवऱ्याला.

"त्याला कशाला? फोन माझा आहे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तोंड उघडलं नाही मी. आता कुठे उघडायला तोंड आहे?"

ठेवते, एवढं म्हणून दातवालीने फोन ठेवला. मग माझी कवळी वाडग्यातून काढली आणि तासायला बसली. ती इतकी मन लावून तासत होती की नंतर ती मला जरा सैलच झाली. पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी साडेनऊला थर्मोस्टॅट आला. दहाला टाकी चालू झाली आणि सबंध दिवस ती टाकीपासून उठली नाही. शुक्रवारी सकाळी साचे फोडले. अकराही कवळ्या गुळगुळीत, एकीतही भोक नाही. तासून, पॉलिश करून, डब्यांत ओल्या कापसावर ठेवून, पावणेचारला ती दंतवैद्याच्या दारात होती. त्याने डबे मोजून घेतले आणि म्हणाला, पुढच्या महिन्यात सोळा आहेत, जमतील ना. एवढंच. ती जिन्यावरून वर आली ते मला सांगायला आणि सांगताना पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघून बोलली.

सोमवारी ती शाखेत गेली आणि नंबर बदलण्याचा अर्ज देऊन आली. मला वाटलं होतं, ती बदलणार नाही. पण ती म्हणाली, "काकू, खातं माझं आहे." संध्याकाळी मी तिच्याकडे बसले असताना तिने सासूबाईंना फोन लावला आणि सांगितलं की परवापासून निरोप यायचे नाहीत.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "भलत्या वेळी वाजायचा." मग म्हणाल्या, "कवळी सैल झालीय. सैल होऊन चार वर्षं झाली. दुसऱ्या कुणाला तोंडात हात घालू दिला नाही."

दातवालीने टेबलावरचं प्लास्टर नखाने खरवडायला घेतलं. ती म्हणाली की तिकडे मी येणार नाही.

"तू ये म्हटलंय कोणी? मी येते. किती घेशील? एका कवळीचे तुझ्या खात्यात किती जमा होतात ते मला तोंडपाठ आहे, तेव्हा जास्त सांगू नकोस."

"आई, दुरुस्तीचा दर वेगळा असतो."

"असू दे. पत्ता सांग. थांब, पेन्सिल घेते."

दातवालीने पत्ता सांगितला. गल्ली, इमारत, मजला, आणि दारावरची घंटा बिघडली आहे, दार जोरात वाजवा, हेही.