कोर्टाच्या तारखा आणि माझ्या पाटल्या

आमच्याकडं लग्नाचा अल्बम बघायला म्हणून आलेले पाहुणे सातव्या-आठव्या पानावर, अजून हळदीचेच फोटो चालू असताना, अल्बम मिटतात आणि म्हणतात, "ते ऱ्हाऊ दे. ते बेलिफाचं सांग की!" फोटोग्राफरनं केवढे पैसे घेतले होते, ते आठवून मला जरा वाईट वाटतं. पण पाहुण्यांचंही खरंच आहे. हळद सगळ्यांना लागते. लग्नानंतर अडीच महिन्यांत नवऱ्याच्या नावानं कोर्टाचं समन्स सगळ्यांकडं येत नाही! आणि कोर्टाचं असं असतं, की एक किस्सा सांगून होईपर्यंत पुढची तारीख पडते आणि दुसरा तयार होतो.

मी तशी कमी बोलणारी. सासरी पहिले दोन महिने "चहा ठेवू?" आणि "अजून एक वाढू?" एवढंच बोलले असेन. त्यामुळं मला सगळं नीट ऐकू आलं.

*

तर बेलिफ. दुपारची वेळ. प्रशांत, म्हणजे माझा नवरा, वाळूजला कंपनीत गेलेला. सासरे, म्हणजे नाना, कंडक्टरकीतून रिटायर झालेले. पेपर वाचत बसलेले. दारात काखेत फाईल घेतलेले एक गृहस्थ.

"प्रशांत भानुदास गायके इथंच राहतात का?"

मी हो म्हणेपर्यंत मागून सासूबाई, म्हणजे आई, आल्या. आईंनी फाईल बघितली आणि ओळखलं, हा पाण्याच्या ऑफिसचा माणूस! आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही आणि आईंनी त्यावर नुकताच तिसरा अर्ज दिला होता.

"या, बसा. तीन अर्ज दिले तवा आलात व्हय?"

ते बसले. मी चहा ठेवला. आईंनी त्यांना मोरीतला ड्रम दाखवला, गच्चीवरची टाकी दाखवली, टाकीचं झाकण उघडून आत वाकायला लावलं. ते बिचारे वाकले. खाली येऊन चहा प्यायले, चिवडा खाल्ला आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मावशी, मी कोर्टातून आलोय. बेलिफ आहे."

आईंनी त्यांची चिवड्याची बशी परत भरली. मग म्हणाल्या, "मंग लईच बेस झालं! कोर्टाकडूनच सांगा त्यांना, पाणी सोडा म्हणून!"

*

संध्याकाळी प्रशांत आला, तेव्हा तो कागद जेवणाच्या टेबलावर होता आणि सगळे त्याच्याभोवती बसलो होतो. टेबलाखाली लपता येईल का, असा त्याचा चेहरा झाला.

गोष्ट लग्नाच्या आधीची. त्यानं क्रेडिट कार्ड घेतलं, मग कंपनी बंद पडली, आठ महिने काम नव्हतं, कार्डाचे पैसे थकले. पुढं नोकरी लागल्यावर बँकेशी बोलून, ठरलेली रक्कम भरून त्यानं ते मिटवलंही होतं. आता बँकेनं म्हणे तेच खातं एका वसुली कंपनीला विकलं, आणि ती कंपनी एक लाख शेहेचाळीस हजार मागत कोर्टात गेली.

"मिटवल्याचं पत्र?" मी विचारलं.

"असंल की घरात."

"घरात कुठं?"

"घरातच."

नाना म्हणाले, "भरून टाका. आपल्या घरात आजवर कोर्टाचा कागद आला नव्हता."

भरायचे कुठून, हे कुणी बोललं नाही. पण सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली. माझ्या मनगटावर.

आईनं, म्हणजे वैजापूरच्या माझ्या आईनं, बावीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवून केलेल्या त्या पाटल्या. पत्र सापडलं तर हातात राहणार, नाही सापडलं तर सराफाकडं जाणार, इतकं ते सरळ होतं. माझे वडील वैजापूरला तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. शिक्क्याच्या कागदाला घाबरायचं नसतं, तो आधी वाचायचा असतो, एवढं मला त्यांच्याकडून आलेलं.

"आधी नीट वाचू या ना," मी म्हटलं, "घाबरून पैसे भरले तर दोनदा भरल्यासारखं होईल."

सासरी आल्यापासूनचं ते माझं सगळ्यात लांब वाक्य होतं. नानांनी चष्मा काढून मला एकदा बघून घेतलं!

*

वकील केले ते औरंगपुऱ्यातले कादरीसाहेब. तिसरा मजला, अरुंद जिना, वर गेल्यावर दहा मिनिटं पक्षकाराला नुसतं श्वास घ्यायला देतात. आम्हा चौघांना बघून म्हणाले, "अरे, पूरी बारात लाए! घबराते कायकू? बसा."

दाव्याला कार्डाचं स्टेटमेंट जोडलेलं होतं. कादरीसाहेब एकेक ओळ मोठ्यानं वाचून प्रशांतला विचारायला लागले. पेट्रोल? हो. मोबाईल? हो. बूट? हो.

"गिफ्ट शॉप, दोन हजार दोनशे. चौदा फेब्रुवारी."



मी प्रशांतकडं बघितलं नाही. मला तेव्हा प्रशांत माहीतही नव्हता, त्यामुळं तक्रारीला तशी जागा नव्हती. पण तो भिंतीवरच्या कायद्याच्या पुस्तकांची नावं फारच मन लावून वाचत होता.

इतक्यात नाना खाकरले. "ते माझं हाय. मफलर. त्यानं मला मफलर घेतलं व्हतं."

कादरीसाहेबांनी चष्म्यावरून नानांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि कागदावर टिक केली. "बरोबर. मफलर."

तो मफलर मी अजून शोधतेय. फेब्रुवारीत आमच्याकडं पंखे लागतात.

*

कोर्टाचं प्रकरण बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं. म्हणून मग सगळं 'तारखे'वर बोलायचं. "तारखेला काय काय न्यायचं?" "तारखेच्या आधी एकदा दाखवून यायचं." "एवढी तारीख नीट पार पडली की सुटलो."

शेजारच्या शिरसाठकाकूंची खिडकी आमच्या ओट्याला लागून आहे. एक दिवस त्या कैरीचं लोणचं घेऊन आल्या. दोन दिवसांनी चिंचा. मग डिंकाचे लाडू. मी कमी बोलते, त्यामुळं "थँक्यू काकू" म्हणून घेत गेले. लाडू चांगले होते.

चौथ्या खेपेला काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "मंग, कधीची तारीख दिली गं?"

"बावीस."

"ह्याच महिन्यात?" काकूंनी माझ्या पोटाकडं बघितलं आणि ओट्याला धरलं. "आणि लग्न तर आत्ता..."

आतून आई ओरडल्या, "अवं, कोर्टाची तारीख हाय ती! कार्डाची!"

काकूंच्या तोंडावर इतका आनंद मी नंतर कधी बघितला नाही. "कोर्टाची व्हय! देवा, मी किती घाबरले!"

असं शिरसाठकाकूंना कळलं, म्हणजे गल्लीला कळलं. लाडूंचा डबा मात्र त्यांनी परत मागितला नाही.

*

कादरीसाहेब म्हणाले, "आता कोर्टात तुमचं म्हणणं द्यावं लागेल." कोर्टात 'म्हणणं' म्हणजे आपल्या बाजूचा लेखी कागद. वडिलांनी असे कित्येक लिहिलेले मी बघितले होते. पण आईंना ते ठाऊक नव्हतं. आईंना वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सरकारी माणूस त्यांचं म्हणणं मागतोय!

"लिही गं," त्या म्हणाल्या. "मी सांगते."

दोन दिवस दुपारी त्यांनी सांगितलं. लासूर स्टेशनहून त्या लग्न होऊन आल्या तिथून सुरुवात. जावांनी काय केलं, नानांच्या बदल्या, प्रशांतला झालेली कावीळ, सायकल चोरीला गेली ती. मी सगळं टाइप केलं. अकरा पानं झाली. कादरीसाहेबांनी ती चहा घेत शांतपणे वाचली आणि अदबीनं विचारलं, "खाला, सब बराबर है. लेकिन इसमें कार्ड किधर है?"

"येतंय की!" आई म्हणाल्या. "अजून प्रशांत चौथीतच हाय!"

खरं म्हणणं मी दीड पानात लिहिलं. कादरीसाहेबांनी त्यातला एक स्वल्पविराम बदलला. आईंची अकरा पानं त्यांनी ठेवून घेतली. म्हणाले, घरी बायकोला वाचायला नेतो.

*

पण त्या दीड पानाला पत्राशिवाय काडीची किंमत नव्हती. ते आम्ही कुठं शोधलं नाही? कपाट, गाद्या, सुटकेस, प्रशांतची कॉलेजची बॅग. तारखेला चार दिवस उरले, तेव्हा नाना सराफ बाजारात सोन्याचा भाव विचारून आले. आल्या आल्या पाणी मागितलं आणि ग्लास घेताना माझ्या हाताकडं बघायचं टाळलं. त्या रात्री मी पाटल्या काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या. आईंनी सकाळी उचलून परत माझ्या हातात घातल्या. "अजून तारीख व्हायचीय," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी मसाल्याचे डबे पुसायला काढले. आमच्या आई प्रत्येक डब्याखाली कागद घालतात, तेल खाली उतरू नये म्हणून. काळ्या मसाल्याच्या डब्याखालचा कागद काढला, तर वर बँकेचं नाव. मध्ये डब्याच्या बुडाचं तेलकट गोल. आणि त्या गोलाच्या बरोबर आत, प्रशांतचं नाव, भरलेली रक्कम आणि 'आता आपल्याकडं काहीही येणं बाकी नाही'. खाली सही-शिक्का.

मी तो वर धरला. "आई, हा कागद..."

आईंनी वळून बघितलं. "त्यो व्हय? लई चांगला हाय त्यो. नीट ठिव. अजिबात तेल पीत नाय!"

*

बावीस तारखेला नावाचा पुकारा झाला. न्यायाधीश मॅडमसमोर कादरीसाहेबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून ते पत्र काढलं. मॅडमनी ते वाचलं, उलटं केलं, परत सुलटं केलं आणि थांबल्या.

"वकीलसाहेब, याला वास कसला येतोय?"

"काळा मसाला, मॅडम."

मॅडमनी पत्र जरा जवळ घेतलं.

"घरचा आहे?"

*

आणि आता शेवटचा. हा मी पाहुण्यांना जेवणं झाल्यावरच सांगते.

पत्र बघून वसुली कंपनीच्या वकिलांनी बँकेत फोन केला, घाम पुसला आणि दावा मागं घेतो म्हणाले. मॅडम म्हणाल्या, घ्या. पण मिटलेल्या पैशासाठी या लोकांना इथवर आणलंत, तर प्रतिवादीला खर्चाचे तीन हजार रुपये द्या. आजच.

कंपनीतर्फे एक टायवाले साहेब आले होते. हे तेच, ज्यांनी समन्स आल्यावर, कार्डाच्या अर्जावर लिहून घेतलेला नातेवाइकाचा नंबर काढून, लासूर स्टेशनच्या मामांना, म्हणजे आईंच्या भावाला, फोन करून "तुमच्या भाच्याला समजवा, पैसे बुडवतोय" म्हणून सांगितलं होतं. मामांनी ते सगळ्या बाजारात सांगितलं होतं.

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी पाकीट उघडलं. त्यात चारशे रुपये. फोन काढून बघितला. खात्यात त्याहून कमी. कंपनीला फोन लावला. अकाउंटवाले जेवायला गेलेले. साहेब ओशाळून प्रशांतकडं आले.

"दादा, दोन-तीन दिवस थांबता का? नक्की देतो."

प्रशांत चांगल्या स्वभावाचा. तो "चालेल की" म्हणणार, तेवढ्यात आई मध्ये आल्या. पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून माझा हात ओढला, पाटल्या कोपराकडं सारल्या आणि तळवा सरळ केला.

"थांबतो की, साहेब. माणसावर वेळ येती," आई इतक्या प्रेमानं म्हणाल्या की मीसुद्धा दचकले. "नाव सांगा. फोन नंबर सांगा. हां. आता दोन नातेवाइकांचे नंबर सांगा."

"नातेवाइकांचे? ते कशाला, मावशी?"

"जवळचे सांगा," आई म्हणाल्या. "मामा असंल तर बरं."