कोकराला नसती लावत ती सुई

माझा कुणावर लवकर विश्वास बसत न्हाई. मेंढरं राखणाऱ्याचा बसूही नये. गेवराईच्या बाजारात मी आधी मेंढ्याचं तोंड उघडून दात बघतो, मालक काय सांगतो ते मागून ऐकतो.

बायको दवाखान्यात बाळंत झाली, पोरगी झाली, अन् तासाभरात सिस्टर दोन सुया घेऊन हजर. म्हणे बायकोच्या तपासणीत हिपॅटायटीस बी निघालाय, म्हणजे काविळीचा एक प्रकार. बाळाला चोवीस तासांच्या आत एका मांडीत लस द्यायची, दुसऱ्या मांडीत संरक्षणाचं औषध. बायकोचे डोळे तर पांढरेशुभ्र. कसली कावीळ?

"आमी कोकराला तीन महिने सुई लावत न्हाई," मी म्हणालो. "आईच्या दुधाची ताकद असती त्याला. तुमी आज जन्मलेल्या पोरीला दोन-दोन काहून मारता? औषधाचा प्रयोग करून बघताय का हिच्यावर?"

"दादा, डोळे पिवळे न होताही हा आजार रक्तात असतो," सिस्टर म्हणाली. "बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एवढ्या लहानपणी लागला तर बहुतेक जन्मभर राहतो, लिव्हर खराब करतो. आज अडवता येईल."

रक्तातून अन् नवरा-बायकोच्या संबंधातूनही पसरतो, असंही ती बोलली. झालं! माझ्या डोक्यात नको ते घुसलं. सिस्टर बाजूला होताच बायकोला विचारलं, "कुठून आणलंस हे?"

ती ओली बाळंतीण. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. म्हणाली, "भांडण उद्या करा. पोरीला सुई आज द्या."

मी हो म्हणालो, पण सुईचं पाकीट माझ्या डोळ्यांदेखत फोडायला लावलं. एका सुईनं अख्खा कळप टोचणारा मी!

सिस्टर म्हणाली, आता बिनधास्त अंगावर पाजा. तरी घरी आल्यावर मी बायकोचं ताट-तांब्या वेगळा केला. पुढच्या डोसाला गेलो तेव्हा सिस्टरनं चांगलंच झापलं. एका ताटात जेवून हा आजार होत न्हाई, फक्त वस्तरा, ब्लेड, दात घासायचा ब्रश एकमेकांचा वापरायचा न्हाई. अन् घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासायचं, आजार नसेल तर तीन डोस घ्यायचे. मला काय झालंय, लई धडधाकट हाय मी, असं म्हणत मी टाळत राहिलो. पोरीचा मात्र एकही डोस चुकू दिला न्हाई. त्यासाठी दोनदा कळप वाटेत थांबवला.

पोरगी वर्षाची होत आली तेव्हा तिचं रक्त तपासलं. त्या दिवशी सिस्टरनं माझाही हात धरला.

पोरगी सुटली. माझ्या रक्तात मात्र तोच आजार निघाला. किती वर्षांचा, कुणाकडून कुणाला गेला, ते आता सांगता येत न्हाई, असं डॉक्टर म्हणाले.

एसटीत पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती. बायकोनं दोन्ही कागद घडी घालून पिशवीत ठेवले. कुठून आणलंत हे, असं ती आता विचारील म्हणून मी गावापर्यंत वाट बघितली.

तिनं अजून विचारलेलं न्हाई.