पाणघोड्यांच्या घरची सोयरीक

केसिया आत्याच्या सुपात निम्म्या शेंगा फोडलेल्या आणि निम्म्या तशाच पडल्या होत्या. हात चालेना. समोर स्वयंपाकाच्या गोल झोपडीच्या दाराशी शुवाई गुडघ्यांत डोकं घालून बसली होती, आणि पोरीच्या या दशेला आपणच कारण, हे आत्याला डाचत होतं.

शुवाई तिच्या भावाची मुलगी, गावच्या शाळेत मास्तरीण. सावे नदीच्या या मुलखात पोरीचं मन कुणावर बसलं, की आधी कळतं ते आत्याला, आणि बापाच्या कानावर घालायचं कामही आत्याचंच. केसिया तरुणपणीच विधवा होऊन भावाच्या वस्तीवर परतली, आणि तेव्हापासून एकेक करून शुवाईखेरीज सगळ्या भाच्या तिनेच मार्गी लावल्या. दर गुरुवारी लाल झगा घालून ती बायकांच्या प्रार्थनेला जाई. येणाऱ्या मुलाला मात्र तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाळा, तुमचं देवक कुठलं?" सिंह म्हणा, माकड म्हणा, झेब्रा म्हणा. देवक एक म्हणजे रक्त एक, तिथे सोयरीक नाही.

पण शुवाईला मागणी घालायला बत्सिराई आला तोच देवाचं गाणं गुणगुणत. आवाज असा गोड की आत्या प्रश्नच विसरली! आणि रविवारी भावासमोर त्याला जेवायला बसवून तिने ताटात वाढलं काय, तर नदीचा ताजा मासा. मुलाने सडझ्याचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, गोळा पालेभाजीशी खाल्ला, माशाला बोटही लावलं नाही.

"का रे, आवडत नाही?" शुवाईचा बाप शाद्रेक याने विचारलं.

"आवडीचं नाही, बाबा. आमचं देवक मासा. आम्ही खात नाही."

शाद्रेकने हात धुऊन टाकले. "आमचं पाणघोडा. दोन्ही पाण्यातली, म्हणजे तूही डोहाचा, आम्हीही डोहाचे. भावाबहिणीचं लग्न लावू का मी?"

तेव्हापासून घरात कुणी धड बोलत नव्हतं.

आत्याने सूप बाजूला सारलं. "ऊठ गं. शाळेत पोरांना शिकवतेस ना, तेच आज बापाला शिकव. रडून कुणाचं लग्न झालंय?"

शाद्रेक गोठ्याच्या कुंपणाचा खांब ठोकत होता. शेजारी नुकतीच व्यालेली गाय वासराला पाजत उभी होती. शुवाई तिथेच थांबली, मागे आत्याही.

"बाबा, ही गाय नदीत उतरली तर मासा होते का?"

"गाय संध्याकाळी घरी येते."

"पाणघोडाही रात्री गवत चरायला बाहेर येतो. हवेत तोंड काढून श्वास घेतो. रक्त गरम. तोंडावर केस आहेत, थोडे का होईनात. आणि मादी पिलाला अंगावर पाजते, अगदी पाण्याखालीसुद्धा. दूध पाजणारे ते सगळे सस्तन. पाणघोडा तुमच्या या गाईच्या बाजूचा, आपल्या बाजूचा. माशाशी त्याचं काय?"

"वा, मास्तरीणबाई! मग सांग, त्याचा सगळ्यात जवळचा नातलग कोण? डुक्कर?"

शुवाई अडखळली. पण खोटं बोलणं तिच्या जिभेला जमायचं नाही. "व्हेल," ती हळूच म्हणाली. "समुद्रातला."

शाद्रेक असा हसला की गाय दचकली. "समुद्रातला! आलीस ना फिरून पाण्यातच?"

"अहो, पण व्हेलही दूध पाजतो! दिसतो तसा, पण तो मासा नव्हे."

"तुमच्या शाळेत नातं दुधावरून ठरतं. आमच्या आज्यांनी ते पाण्यावरून ठरवलं." त्याचा आवाज उतरला. "तू खोटी नाहीस, पोरी. पण उद्या घरात काही वाईट घडलं, तर पितर शाळेला जाब विचारणार नाहीत. मला विचारतील."

 शुवाईने आत्याकडे पाहिलं. आत्याने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला, मनात देवाला हाक मारली आणि पुढे झाली.

"दादा, पितरांची समजूत घालायची वाट पितरांनीच ठेवलीय. नातं लांबचं असलं, तर मुलाकडचे नातं तोडायची गाय देतात. गाय आली, नातं तुटलं, लग्न मोकळं. आपल्या चुलत्यांनी नव्हती का घेतली?"

"ही तर म्हणते नातंच नाही. मग तोडायचं काय?"

"हिचं खरं असेल, तर तुला गाय फुकट मिळाली. तुझं खरं असेल, तर नातं तुटलं. दोन्हीकडून तुझं जातंय काय?"

शाद्रेक खांबाला टेकून उभा राहिला. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंच. "पांढरी हवी. काळा ठिपका एकही चालणार नाही."

"पांढरीच येईल."

"आणि तू, बाई, यापुढे गाणं ऐकायच्या आधी देवक विचारत जा!"

"विचारू कुणासाठी? पोरी संपल्या तुझ्या!"

शुवाई तिथेच मातीत गुडघे टेकून बसली आणि रीतीप्रमाणे ओंजळीने टाळ्या वाजवत बापाचे आभार मानू लागली. हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आत्याने डोळे मिटले. आपल्या विसरण्याचा गुंता देवाने किती हलक्या हाताने सोडवला, या विचाराने तिचा जीव निवांत झाला.

ऊन अजून बरंच वर होतं. तिने चपला पायात सरकवल्या. आता बत्सिराईकडच्या मध्यस्थाच्या घरी जायचं होतं, पांढऱ्या गाईचा निरोप द्यायला.